जोर रेसमध्ये, जीव स्लोमध्ये

जुनी गाडी घ्यायला आलेला माणूस बॉनेट उघडायला लावतो, एक्सलेटर दाबतो आणि इंजिनाची डरकाळी ऐकून खूश होतो. मेस्त्री मात्र रेस सोडून देतो आणि शेजारी गप्प उभा राहतो. पायाचा जोर काढून घेतल्यावर इंजिन कसं श्वास घेतं, ते एका लयीत चालतं की अडखळतं, हे त्याला ऐकायचं असतं. या चालण्याला आपल्याकडच्या गॅरेजमध्ये 'स्लो' किंवा 'स्लो रेस' म्हणतात आणि कॉलेजात शिकलेली मुलं 'आयडलिंग' म्हणतात. माझं निपाणीतलं गॅरेज तीस वर्षं चाललं. त्या सगळ्या अनुभवाचं सार विचारलंत तर एवढंच सांगेन की इंजिनाचा जोर रेसमध्ये दिसतो, पण त्याची तब्येत स्लोमध्ये कळते.

कार्बोरेटरच्या काळात हे काम सोपं होतं. दोन स्क्रू असायचे, एक रेसचा आणि एक मिश्रणाचा. डाव्या हाताने एक, उजव्या हाताने दुसरा, कान इंजिनाकडे, आणि पाच मिनिटांत स्लो बसला! आता गाड्यांत संगणक आला, स्क्रू गेले. त्यात हौशी तरुणांनी इंजिनात फेरफार करून सुपरचार्जर बसवला की स्लो बसवणं हे काही दिवसांचं आणि फार धीराचं काम होऊन बसतं. असंच एक काम मला निपाणीपासून फार दूर, मध्य प्रदेशातल्या बोरगावात करावं लागलं. ते हौसेपोटी केलं नाही. एका कुटुंबाच्या जिवाशी त्याचा संबंध होता.

सिल्लेवानीच्या घाटातला फोन

माझा भाचा बोरगावच्या औद्योगिक वसाहतीत नोकरीला आहे. नागपूरहून छिंदवाड्याकडे जाताना सावनेर मागे पडलं की थोड्याच वेळात राज्याची हद्द बदलते आणि बोरगाव लागतं. सौंसर तालुक्यातलं हे गाव 2023 पासून नव्या पांढुर्णा जिल्ह्यात आहे. पाट्या हिंदीत, पण घरात, बाजारात आणि संत्र्याच्या बागांत मराठी. 1 नोव्हेंबर 1956 रोजी राज्यांची फेररचना झाली तेव्हा नागपूर मुंबई राज्यात गेलं आणि छिंदवाडा मध्य प्रदेशात राहिला. त्याच दिवशी आपला बेळगाव जिल्हा तेव्हाच्या म्हैसूर राज्यात आला. त्यामुळे आपल्या भागातल्या माणसाला तिथे परकं वाटत नाही. एका वाक्यात दोन भाषा मिसळणारी माणसं आपण रोजच पाहतो. तिथे कन्नडच्या जागी हिंदी, एवढाच फरक.

भाच्याची बायको धारवाडकडची. घरात ती मुलीशी कन्नड बोलते, भाच्याशी मराठी आणि दारावर आलेल्या भाजीवाल्याशी हिंदी. एका डिसेंबरात तिचा मला फोन आला. घाबरली की ती कन्नडवर येते. म्हणाली, "मामा, गाडी बंद आतु. ब्रेक हिडीलिल्ला."

झालं होतं ते असं. भाच्याने मैदानावरच्या मोटार शर्यतींसाठी एक जुनी पेट्रोल हॅचबॅक तयार केली होती. तिला परदेशी गाडीतून काढलेला सुपरचार्जर लावला होता. त्या रविवारी घरची गाडी कामाला दिलेली, म्हणून तो हीच गाडी घेऊन बायको आणि सहा वर्षांच्या मुलीसह छिंदवाड्याला निघाला. परत येताना सिल्लेवानी घाटाच्या उतारावर, वळणाआधी गिअर बदलायला क्लच दाबला आणि इंजिन बंद पडलं. ब्रेकचं पॅडल एकदा दबलं, दुसऱ्यांदा दगडासारखं झालं. समोरून ट्रक नव्हता आणि कडेला मातीचा ढीग होता, म्हणून निभावलं.

दुसऱ्या दिवशी भाच्याने मला गाडीचं दुखणं सांगितलं ते एका वाक्यात, "मामा, स्लो जरा हलतोय." मी कोल्हापूरहून महाराष्ट्र एक्सप्रेसचं तिकीट काढलं.

इंजिनाला भाता

पुढचं समजायला सुपरचार्जर म्हणजे काय ते थोडक्यात पाहू. साधं इंजिन आपल्या पिस्टनच्या ओढीने जेवढी हवा आत येईल तेवढीच घेतं. जास्त हवा कोंबली तर जास्त पेट्रोल जाळता येतं आणि जोर वाढतो. ही हवा कोंबणारा पंप इंजिनाच्याच पट्ट्यावर फिरत असेल तर तो सुपरचार्जर आणि सायलेन्सरकडे जाणाऱ्या धुराच्या जोरावर फिरत असेल तर टर्बो. बेळगावच्या उद्यमबागेतल्या किंवा कोल्हापूरच्या फाउंड्रीत भट्टीला हवा देणारा ब्लोअर ज्यांनी पाहिला आहे, त्यांना नवं काही सांगायला नको. सुपरचार्जर हा त्याचाच धाकटा भाऊ आहे. एकमेकांत गुंतून फिरणाऱ्या दोन पाळ्यांचा हा पंप अमेरिकेतल्या इंडियाना राज्यातल्या रूट्स बंधूंचा. 1860 साली त्यांनी त्याचं पेटंट घेतलं, तेव्हा मोटार जन्मालाही आली नव्हती. खाणींत आणि भट्ट्यांत हवा देणारा हा पंप पुढे मोटारीत आला. 2000 नंतरच्या दशकात पुण्यात जोडणी होणाऱ्या मर्सिडीजच्या काही गाड्यांच्या पाठीवर 'कॉम्प्रेसर' अशी अक्षरं असत. ती याच यंत्राची खूण होती.

मराठी माणसाच्या दाराशी ही कळा त्याच्याही खूप आधी आली होती, आणि तीही मध्य प्रदेशातच. इंदूरचे यशवंतराव होळकर यांनी 1930च्या दशकात अमेरिकेतल्या ड्यूसेनबर्ग कंपनीची 'एसजे' मोटार घेतली. तिची बॉडी लंडनच्या गर्नी नटिंग यांनी बांधली होती. आठ सिलिंडर, जवळजवळ सात लिटरचं इंजिन, वर सुपरचार्जर, आणि कंपनीचा दावा 320 हॉर्सपॉवरचा! मात्र तो सुपरचार्जर पंख्याच्या जातीचा होता. पंखा हळू फिरला की हवा जवळपास कोंबतच नाही, त्यामुळे स्लोमध्ये तो कुणाच्या अध्यात ना मध्यात. रूट्सच्या जातीचा ब्लोअर मात्र दर फेरीला ठरलेली हवा पुढे ढकलतोच, मग इंजिन पळत असो की उभं असो. म्हणून त्याच्यासोबत एक बायपास झडप द्यावी लागते. स्लोमध्ये ती उघडी राहते आणि ब्लोअरने ढकललेली हवा वळून पुन्हा ब्लोअरच्याच तोंडाशी येते. एक्सलेटर दाबला की झडप मिटते आणि हवा इंजिनात कोंबली जाते. भाच्याच्या गाडीत रूट्सच्याच जातीचा ब्लोअर होता.

आग सोमेश्वरी, बंब रामेश्वरी

बोरगावात गाडी बघणारा मेस्त्री तरुण आणि हुशार. मला पाहताच म्हणाला, "मामाजी, आम्ही लॅपटॉपवर लय आकडे फिरवले. एक दिवस चालते बरोबर, दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. काहून होते असं, समजूनच नाही राहिलं."

गाडी चालू केली. रेसचा काटा 700 वरून 1400 वर जायचा आणि पुन्हा 700 वर. श्वास लागलेल्या माणसासारखं इंजिन वर-खाली होत होतं. विहिरीवरचं ऑइल इंजिन ज्यांनी चालवलंय त्यांना ही चाल ठाऊक असेल. गव्हर्नर बिघडला की तेही असंच करतं. रेस कमी झाली म्हणून गव्हर्नर तेल वाढवतो, ते जास्त होतं, मग कमी करतो, ते फारच कमी होतं. गुर्लहोसूरला जन्मलेल्या लक्ष्मणराव किर्लोस्करांनी बेळगावात सायकलचं दुकान काढलं, पुढे 1910 साली किर्लोस्करवाडी वसवली आणि 1946 साली पुण्यात किर्लोस्कर ऑइल इंजिन्स उभी राहिली. त्या इंजिनांनी आपल्या भागातल्या दोन पिढ्यांना गव्हर्नर म्हणजे काय ते शेतातच शिकवलं. आताच्या मोटारीत गव्हर्नरचं काम संगणक करतो. पण चुकीच्या माहितीवर चाललेला गव्हर्नर लोखंडी गोळ्यांचा असो की संगणकाचा, गोंधळ एकच.

मी सांगितलं, लॅपटॉप मिटून ठेवा. मेस्त्री चमकला. पण कुठूनतरी फुकटची हवा आत येत असेल तर आकडे बदलून काय होणार? आग सोमेश्वरी आणि बंब रामेश्वरी, अशी गत. आपल्या भागात कन्नडमध्ये 'निधान' म्हणजे हळू, सावकाश. मराठीत 'निदान' म्हणजे दुखणं ओळखणं. उच्चार जवळजवळ सारखा. मी शिकाऊ पोरांना नेहमी सांगायचो की निधान केल्याशिवाय निदान होत नाही. तेच बोरगावच्या मेस्त्रीला सांगितलं आणि साबणाचं पाणी मागवलं.

फुकटची हवा

या गाडीत हवेचा दरवाजा, म्हणजे थ्रॉटल, ब्लोअरच्या आधी असतो. त्यामुळे थ्रॉटलपासून सिलिंडरपर्यंत जेवढे पाईप, क्लिपा, गॅस्केट आहेत, त्या सगळ्यांतून स्लोमध्ये ओढ असते आणि रेसमध्ये दाब. म्हणजे एकच बारीक भोक स्लोला हवा आत ओढतं आणि रेसला बाहेर फुंकतं. साध्या गाडीत असे सांधे मोजके, इथे दुप्पट-तिप्पट.

इंजिन बंद करून, हवेचं तोंड बांधून, आत अगदी हलका दाब दिला आणि पंक्चरवाला ट्यूबवर फिरवतो तसं साबणाचं पाणी प्रत्येक सांध्यावर फिरवलं. दोन ठिकाणी बुडबुडे आले. पहिलं ठिकाण बायपास झडपेचं. तिचा रबरी पडदा फाटला होता. त्यातून हवा जात होतीच, शिवाय झडप नीट उघडत नसल्याने ब्लोअर उभ्या गाडीतही हवा दाबून तापवत होता. दुसरं ठिकाण पाहून मात्र मी भाच्याला हाक मारली. तो होता ब्रेकच्या बूस्टरचा पाईप.

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो. मोटारीचा ब्रेक आपल्या एकट्याच्या पायाने लागत नाही. इंजिन हवा ओढतं तेव्हा जी पोकळी, म्हणजे व्हॅक्यूम तयार होतो, तो पॅडलमागच्या मोठ्या गोल डब्यात साठवतात. हाच बूस्टर. पाय ठेवला की तो आपल्या बरोबरीने जोर लावतो. इंजिन अचानक बंद पडलं तरी एक-दोन वेळा ब्रेक लागण्यापुरता व्हॅक्यूम त्यात शिल्लक राहावा म्हणून पाईपात एक एकमार्गी झडप असते. हवा बूस्टरकडून इंजिनाकडे जाईल, उलटी येणार नाही. सुपरचार्जरच्या गाडीत या झडपेवर दुहेरी जबाबदारी येते, कारण रेसमध्ये इंजिनाकडून दाबाची हवा उलटी बूस्टरकडे यायला बघते.

मेस्त्रीने झडप काढली आणि तोंडाने फुंकली. एका बाजूने हवा गेली पाहिजे आणि दुसऱ्या बाजूने अडली पाहिजे. त्याने दोनदा उलटसुलट करून पाहिली आणि हळूच म्हणाला, "मामाजी, दोन्हीकडून फुंक जाते जी." पाईपही भलताच निघाला. साधा पाण्याचा रबरी पाईप बसवलेला, क्लिपेजवळ चिरलेला. म्हणजे स्लो हलायचा तो या गळतीने, आणि इंजिन बंद पडताच ब्रेक दगड व्हायचा तोही याच झडपेने. भाचा काही बोलला नाही. घाटातलं ते वळण त्याच्या डोळ्यांसमोर आलं असणार.

नागपूरहून योग्य पाईप, झडप आणि बायपासचा पडदा येईपर्यंत दीड दिवस गेला. ते बसवल्यावर रेसचं वर-खाली होणं निम्म्याने कमी झालं.

मोठ्या नळाने चमचा भरणे

आता लॅपटॉप उघडायला हरकत नव्हती. पुढचा मुद्दा पेट्रोलचा. जास्त हवेला जास्त पेट्रोल लागतं, म्हणून भाच्याने मूळचे इंजेक्टर काढून दुपटीने पेट्रोल सोडणारे बसवले होते. रेसमध्ये ते ठीक, पण स्लोमध्ये पेट्रोल लागतं अगदी थेंबभर. मोठ्या नळाखाली चमचा धरून पाहा, तो भरण्याआधीच सांडतो. स्लोमध्ये असा इंजेक्टर दर वेळी सेकंदाच्या हजाराव्या भागाच्या दुप्पट वेळच उघडा असतो, आणि त्यातला जवळजवळ निम्मा वेळ नुसता उघडण्यातच जातो. हा उघडण्याचा वेळ बॅटरीच्या व्होल्टवर ठरतो. हेडलाइट लावले, पंखा सुरू झाला, व्होल्ट 14 वरून 12 वर आले की इंजेक्टर उशिरा उघडतो आणि तेवढं पेट्रोल कमी पडतं. दिवसा नीट चालणारी गाडी रात्री का अडखळते, याचं उत्तर बऱ्याचदा इथे असतं. 'एक दिवस चालते, दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच' यातलं अर्धं कोडं इथे सुटलं.

संगणकात हा वेळ व्होल्टप्रमाणे भरावा लागतो. तिथे जुन्या इंजेक्टरचेच आकडे होते. आम्ही एकेक दिवा, पंखा, काचेचं हीटर सुरू करत गेलो आणि सायलेन्सरमधल्या ऑक्सिजन सेन्सरवर मिश्रण पाहत आकडे बसवले. एक किलो पेट्रोल पूर्ण जळायला साधारण 14.7 किलो हवा लागते. दिवे लावा की विझवा, हे प्रमाण हललं नाही तेव्हा ते काम संपलं.

वारा उशिरा, ठिणगी लगेच

तिसरा मुद्दा गव्हर्नरचा. संगणकाकडे स्लो सावरायला दोन हात असतात. एक हात हवेचा. एक छोटी झडप उघडून तो हवा वाढवतो, पण ती हवा ब्लोअर आणि लांबलचक पाईपांतून सिलिंडरपर्यंत पोचायला वेळ लागतो. दुसरा हात ठिणगीचा. टायमिंग थोडं पुढे केलं की जोर त्याच क्षणी वाढतो, मागे केलं की त्याच क्षणी उतरतो. मेस्त्रीने सगळी भिस्त हवेवर टाकली होती. हवा पोचेपर्यंत संगणकाला वाटायचं की दिलेली कमी पडली, मग तो आणखी द्यायचा, आणि रेस भडकायची.

आम्ही आधी संगणकाचे दोन्ही हात बांधून ठेवले. इंजिन पुरतं गरम झाल्यावर, कुणीही न सावरता ते स्वतःहून 900च्या आसपास चालेल एवढी हवा पक्की केली. मग ठिणगी 900 वर 12 अंशांना ठेवली. रेस 750 ला उतरली तर 18 अंश, 1050 ला चढली तर 6. म्हणजे सावरायला दोन्हीकडे जागा राहिली. हवेचा हात सगळ्यात शेवटी आणि तोही हलकाच मोकळा केला. एसीचा कॉम्प्रेसर जोडला जाण्याआधीच थोडी हवा वाढेल आणि पाय काढल्यावर रेस दाणकन न पडता उतरत येईल, अशी सोय केली. घाटात गाडी बंद पडली ती याच क्षणी. पाय निघाला, क्लच दबला, एसी सुरू, आणि सावरणारी हवा अजून वाटेत.

चौथ्या दिवशी सकाळच्या कडाक्याच्या थंडीत पहिल्याच सेल्फला गाडी सुरू झाली आणि स्लोवर उभी राहिली. मेस्त्रीने शेजाऱ्यांनाही बोलावून दाखवलं.

आडात नाही तर पोहऱ्यात कुठून?

इथे लेख संपला असता, पण व्हॅक्यूमचा आकडा मला रुचत नव्हता. चांगल्या साध्या इंजिनात स्लोला आतला दाब 35-40 किलोपास्कलच्या आसपास असतो. बाहेरचा धरा शंभराच्या जवळ. या दोन्हींतला फरक तो व्हॅक्यूम. या गाडीत गळती काढल्यावरही आतला दाब 58 होता. कारण होतं शर्यतीचा कॅमशाफ्ट. तो हवा आत घेणारे आणि धूर बाहेर सोडणारे व्हॉल्व्ह काही काळ एकदमच उघडे ठेवतो. वरच्या रेसला त्याचा फायदा होतो, पण स्लोला ओढ मरते. जे व्हॅक्यूम इंजिनातच नाही ते बूस्टरला कुठून मिळणार? आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार?

भाचा म्हणाला, "मामा, आता स्लो तर बसलाय. रेस हजार-अकराशेवर ठेवली की झालं."

मी म्हटलं, "स्लो बसलाय, ब्रेक नाही. आता तू ठरव."

त्याची बायको दारात उभी होती. ती काहीच बोलली नाही. त्याने संध्याकाळी मूळचा कॅमशाफ्ट माळ्यावरून खाली काढला. बसवायला दोन दिवस लागले, त्याप्रमाणे हवेचे आणि पेट्रोलचे आकडे पुन्हा मांडावे लागले. वरच्या रेसचा थोडा जोर गेला. पण स्लोला आतला दाब 42 वर आला, रेस 900 वर ठाम आणि पॅडल पायाखाली मऊ. खरं तर सुपरचार्जर असलेल्या इंजिनाला असला कॅम नकोच असतो. दोन्ही व्हॉल्व्ह एकदम उघडे असले की कोंबलेली ताजी हवा तशीच धुराबरोबर निघून जाते.

रस्त्यावर नाही

एक गोष्ट मात्र स्लो बसल्यावरही बदलली नाही. अशी गाडी सार्वजनिक रस्त्यावर चालवता येत नाही. मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 प्रमाणे कंपनीने ठरवलेल्या मूळ रचनेविरुद्ध फेरफार करता येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी 2019 मध्ये स्पष्ट केलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने असा फेरफार करणाऱ्या मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दर फेरफारामागे पाच हजार रुपये दंड किंवा दोन्ही अशी तरतूद आली. विम्याचीही पंचाईत होते. त्यामुळे ती गाडी आता टोइंगच्या ट्रकवर चढून मैदानावर जाते आणि तशीच परत येते. घरच्यांना घेऊन घाट चढायला साधी, कुणी हात न लावलेली गाडी आहे. निघायच्या दिवशी भाच्याच्या मुलीने मला संत्र्यांची पिशवी दिली आणि विचारलं, "अज्जा, आता ती गाडी गप्प बसते का?" मी म्हटलं, गप्प नाही, पण नीट बसते.

आपल्या घरच्या गाडीसाठी

सुपरचार्जर आपल्यापैकी फार थोड्यांच्या घरी असेल. पण स्लो आणि ब्रेक प्रत्येक गाडीला आहेत. आंबोली, चोर्ला किंवा तवंदीचा घाट उतरण्याआधी एवढं करा.

ब्रेकच्या बूस्टरची परीक्षा दोन मिनिटांची आहे. गाडी सपाट जागी हँडब्रेक लावून उभी करा. इंजिन बंद ठेवून ब्रेक चार-पाच वेळा दाबा, पॅडल कडक होईल. मग पाय तसाच दाबून धरा आणि इंजिन सुरू करा. पॅडल थोडं खाली बसलं तर बूस्टर ठीक. बसलं नाही तर मेस्त्रीकडे जा, घाटाकडे नको.

दुसरी परीक्षा एकमार्गी झडपेची. इंजिन थोडा वेळ चालवून बंद करा आणि पाच मिनिटांनी ब्रेक दाबा. पहिला ब्रेक मऊ लागला पाहिजे. पहिलाच कडक लागला तर साठवलेला व्हॅक्यूम कुठूनतरी निसटतोय.

चालत्या गाडीत इंजिन बंद पडलं तर ब्रेक पुन्हापुन्हा पंप करू नका. दर वेळी शिल्लक व्हॅक्यूम संपत जातो. एकदाच, पूर्ण जोराने दाबून धरा. स्टीअरिंग जड होईल, दोन्ही हातांनी सांभाळा. किल्ली पुरती काढू नका, स्टीअरिंगला कुलूप पडेल. आणि पेट्रोल वाचवायला उतारावर इंजिन बंद करायची सवय कुणाच्या घरात असेल तर ती आजच सोडा.

स्लो हलत असेल तर रेस वाढवून दुखणं झाकू नका. पाईप, क्लिपा, हवेचा फिल्टर, प्लग आणि बॅटरी या क्रमाने पाहायला सांगा. पीयूसीची तपासणी मुख्यतः स्लो रेसवरच होते, हेही लक्षात असू द्या. बीएस-4 आणि त्यापुढच्या पेट्रोल मोटारींना स्लोवर कार्बन मोनॉक्साइडची मर्यादा 0.3 टक्के आहे. तो आकडा एकदम वाढलेला दिसला तर कागद खिशात घालण्याआधी कारण विचारा.

मेस्त्री घाईत असेल तर त्यालाही चहा पाजा आणि सांगा, सावकाश बघा. हा शब्द मराठीतही चालतो आणि आपल्याकडच्या कन्नडमध्येही.